पहिला मायक्रोसेकंद

झाकणाखाली नऊ वस्तू होत्या. जस्त चढवलेल्या लोखंडाची एक पट्टी. तिला आवळणारे दोन बोल्ट, त्यांतला एक नटाशी गंजून एकजीव झालेला. पाणी ओतण्यासाठी उभा पुरलेला पाइप आणि त्याच्या तोंडावर बसवलेलं जाळीचं नरसाळं. सुबाभळीची एक शेंग, विडीचं एक थोटूक, कपड्यांच्या साबणाची झिजून पापुद्र्याएवढी उरलेली वडी, आणि अंगाचं वेटोळं करून मेलेला एक वाणी किडा. हेप्झिबानं पुन्हा एकदा मोजलं, नऊच. दहावी गोष्ट मोजणीत धरायची की नाही, हे तिला ठरवता येईना. खड्डा ओला होता. मे संपत आलेला, तळोज्याच्या त्या सगळ्या पट्ट्यात गवताची काडी हिरवी नव्हती, कारखान्याच्या आवारातली माती पावलागणिक फुफाट्यासारखी उडत होती, आणि या हातभर रुंदीच्या अर्थिंगच्या खड्ड्याच्या विटा मात्र नुकत्या न्हाल्यासारख्या काळ्याभोर दिसत होत्या. नरसाळ्याच्या जाळीत पांढरे खडे अडकले होते. तिनं बोट टेकवलं, जिभेला लावलं. मीठ.

एवढंच झालं. पण ती चव तिच्या तोंडातून जाईना. कानशिलं तापली आणि हातातलं झाकण तिनं जरा जास्तच जोरात खाली ठेवलं. दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला तसा काशिराम फिटर शेडमधून हसतच बाहेर आला. साठीला टेकलेला, खाकी शर्टाची वरची दोन बटणं नेहमी उघडी. "झालं ना ताई बरोबर? काल संध्याकाळी दोन गोणी ओतल्या, वर आठ बादल्या पाणी. आज तुमचं रीडिंग असं खाली येणार बघा, साहेब बघतच राहतील."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? तपासणी म्हटली की मीठ. बावीस वर्षं करतोय. पाहुणा यायचा म्हटल्यावर अंगणात सडा घालतोच ना आपण?"

 तिला ओरडावंसं वाटलं, पण तिच्या वडिलांच्या वयाच्या माणसावर, तेही तिच्याच भल्यासाठी त्यानं काही केलेलं असताना, ओरडणं तिला जमलं नसतं. सकाळचे नऊ होत आलेले. दहाला कृष्णकांत सर येणार होते, तिच्या कन्सल्टिंग फर्मचे मालक, आणि त्यांच्याबरोबर कारखान्याचे मॅनेजर चिटणीस. कारखाना वार्षिक दुरुस्तीसाठी बंद असल्यामुळे मोजणीची परवानगी फक्त आजची. पुढची संधी वर्षानं. आणि आजच्या दिवसासाठी तिनं ज्या कोरड्या खड्ड्याची गणितं केली होती, तो खड्डा आता कोरडा नव्हता.

अट साधी होती. तिच्या मॉडेलप्रमाणे या खड्ड्यात वीज उतरली तर जमिनीचा अडथळा एकतीस ओहम असायला हवा. चिटणीस म्हणाले होते, छे, आमच्याकडे शून्य दशांश आठचं सर्टिफिकेट आहे. शेवटी सरांनीच तोडगा काढला: खोट्या विजेचा झटका देऊन मोजून बघू. दहाच्या आत आलं तर हेप्झिबानं चौकशीच्या अहवालावर सही करायची, त्यातल्या 'दैवी आपत्ती' या शब्दांसकट. दहाच्या वर गेलं तर ते शब्द जातील, आणि नळ हलेल. नळ म्हणजे समोरचा तो, खड्ड्यापासून पाचेक पावलांवरचा, रंगाची रिकामी पिंपं धुण्याचा. गेल्या ऑक्टोबरात, दुपारी, आभाळ एका बाजूनं भरून आलेलं असताना, त्या नळाशी गुणाबाई उभी होती.

गुणाबाईला हेप्झिबानं कधी पाहिलं नव्हतं. फर्ममध्ये ती लागली नोव्हेंबरात, वीज पडली त्यानंतर. पण या सहा-सात महिन्यांत त्या बाईच्या पायांबद्दल तिनं इतका विचार केला होता की ते पाय तिला ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यासारखे डोळ्यांपुढे आणता येत. तळव्यांना भेगा, भेगांत निळा-जांभळा रंग, बोटांत जोडवी. एक पाय खड्ड्याच्या बाजूला, एक पलीकडे. धुराड्यावर वीज पडली, धुराड्यावरून पट्टीनं खाली या खड्ड्यात आली, आणि इथली जमीन एका क्षणापुरती डोंगरासारखी उंच झाली. दिसायला सपाटच, पण विजेच्या हिशेबानं डोंगर: शिखर खड्ड्यात आणि उतार चहूबाजूंना. त्या उतारावर बाई उभी होती. तिचा एक पाय वर होता, दुसरा खाली, आणि दोहोंमधला फरक तिच्या अंगातून गेला; ती जागच्या जागी मेली. वीज तिच्यावर पडलीच नव्हती. वीज धुराड्यावर पडली होती, जिथं पडावी म्हणून पैसे खर्चून सोय केली होती, अगदी तिथंच.

"अंगावर चांदी होती म्हणे," पहिल्या बैठकीत चिटणीस म्हणाले होते. इंद्रजीत चिटणीस वाईट माणूस नव्हते; बोलताना समोरच्याला आधी चहा विचारणारे, घामेजल्या टकलावरून सारखा रुमाल फिरवणारे. "शिवाय अनवाणी. आम्ही गमबूट दिलेत, या बायका घालत नाहीत. आता आकाशातून येणाऱ्या गोष्टीला कोण काय करणार? देवाची करणी." आणि मग कृष्णकांत सरांकडे वळून, "तुमची ही कॉम्प्युटरवाली मुलगी फार गंभीर आहे हो. लग्नबिग्न ठरलंय का हिचं?" सर हसले होते. तिला त्या हसण्याचा राग चिटणिसांपेक्षा जास्त आला होता, कारण सरांना कळत होतं. विजेचं गणित त्यांनी स्वतः कधीकाळी शिकवलं होतं. त्यांना कळत होतं आणि तरी ते हसले होते, जसं आपण पाहुण्यांच्या मुलाचा गळा बेसूर असला तरी मान डोलावतो.

गमबूट. त्या शब्दापायी ती दुसऱ्या दिवशी ओवे गावाला गेली होती, गुणाबाईच्या घरी. गुणाबाईची सून वेणू ओट्यावर मासे साफ करत बसलेली, हेप्झिबाहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. सासूच्या जागी आता तीच लागली होती, त्याच नळावर. "बूट हायेत की," ती म्हणाली. "साबणाच्या पाण्यात तळ घसरतो त्यांचा. एक बाय आपटली, हात मोडला तिचा. तवापासून आमी नाय घालत. मुकादमच बोलला, नका घालू." मग कोयतीवरून नजर न उचलता, "ताई, तुमी शिकल्याल्या हाव. आमच्या आईनं कुणाचं काय वंगाळ केलतं? गावात बोलतान, वीज पापी माणसाला हुडकीत येते." हेप्झिबाच्या तोंडून पटकन निघून गेलं, "वीज काही हुडकत नाही हो. तिला तेवढा वेळच नसतो." वेणूनं तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं होतं. समजूत पटल्यासारखं नाही. ही बाई आपल्या सासूविषयी बोलतेय की दुसऱ्याच कशाविषयी, असं.

आणि खरं तर ते वेळेविषयीच होतं. तेच तिला कुणाला सांगता येत नव्हतं. काशिराम ज्या मेगरनं मोजायचा, तो यंत्राचा डबा जमिनीत हळू, सावकाश प्रवाह सोडतो. त्या प्रवाहाला घाई नसते. या खड्ड्यात उतरला, खाली काळा कातळ लागला, जायला वाट नाही. तर तो पट्टीवरून रमतगमत नव्वद मीटर चालत जातो, कारखान्याच्या मागच्या अंगाला, जिथं नदीकाठचा चिखल आहे आणि चिखलात आठ प्लेटा पुरलेल्या आहेत, आणि तिथं सुखानं मातीत मिसळतो. मीटरचा काटा म्हणतो, वा, शून्य दशांश आठ. पण वीज चालत जात नाही. वीज येते आणि मायक्रोसेकंदात, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, तिचं शिखर होऊन जातं. इतक्या घाईच्या प्रवाहाला तीच निमूट पट्टी भिंतीसारखी आडवी येते. नदीकाठच्या चिखलाला या गर्दीची बातमी लागेपर्यंत इथं जे व्हायचं ते झालेलं असतं. पहिल्या मायक्रोसेकंदात आठ प्लेटा नाहीत, चिखल नाही, सर्टिफिकेट नाही. फक्त हा एक खड्डा आणि त्याखालचा कातळ.

शाळेत असताना एकदा सिनेमाच्या तंबूत असंच झालं होतं. रोनेन, तिचा मोठा भाऊ, तिला घेऊन गेला होता. कुठंतरी वायर जळल्याचा वास आला आणि कुणीतरी ओरडलं. तंबूला चार दारं होती, मालकानं नंतर चौकशीत छातीठोकपणे सांगितलं होतं की चार दारं होती. पण माणसं जवळच्या एकाच दाराला भिडली. रोनेननं तिला खांद्यावर घेतलेलं, आणि वरून तिला उरलेली तीन दारं दिसत होती, मोकळी, उजेडानं भरलेली, कुणाच्याच उपयोगाची नसलेली. तो उजेड अजून तिच्या डोळ्यांत होता. रोनेन आता तिकडे इस्राइलात, बिरशेव्याला, एअरकंडिशनर दुरुस्त करत होता आणि पत्रातून तिला बोलावत होता: इथं ये, इथं तुझ्या शिक्षणाला किंमत आहे. तिला त्याचाही राग यायचा. जणू इथली वीज इथल्यांनी सोसावी आणि गणित तेवढं विमानानं न्यावं.

पट्टीचे तिनं मीटर-मीटरचे नव्वद तुकडे केले होते, कागदावर. प्रत्येक तुकड्याला त्याचा जडपणा, त्याचा विरोध, आणि मातीत झिरपून जाण्याची त्याची छोटीशी वाट. नव्वद तुकड्यांची समीकरणं ऑफिसातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर चढवली की तो तासन् तास गुरगुरत बसे आणि पनवेलची वीज गेली की सगळं पुसून जाई. विजेचा अभ्यास विजेअभावी अडतो, यावर सर दर वेळी तोच विनोद करत. मग एके दिवशी प्रिंटर करकरत चालला आणि कागदावर टिंबाटिंबांचा डोंगर उमटला. एकतीस. तो आकडा पाहून तिला आनंद झाला होता. गणित जुळल्याचा शुद्ध, निर्लज्ज आनंद. आणि मग त्या आनंदाखाली निळ्या भेगांचे पाय दिसले. तिनं कागद उलटा करून ठेवला होता आणि खिडकीपाशी जाऊन बराच वेळ खालच्या रिक्षांकडे बघत राहिली होती.

त्या रात्री जेवताना तिनं पपांना सांगितलं. सामाजी पेणकर, नगरपालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले, दर शनिवारी पनवेलच्या इस्राइल तळ्यापासून सिनेगॉगपर्यंत टोपी घालून चालत जाणारे. आता प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायला अलिबागेहून एखादा पाहुणा धरून आणावा लागतो, तरी जाणारे. आभाळात वीज चमकली की ते हातातलं काम थांबवत आणि हिब्रूतला आशीर्वाद म्हणत, सृष्टी घडवणाऱ्याच्या नावाचा. लहानपणी वीज कडाडली की ती त्यांच्या मांडीत शिरायची आणि ती पुटपुट तिच्या पाठीत घुमायची. म्हणून 'देवाची करणी' हे शब्द चिटणिसांच्या तोंडून ऐकले तेव्हा कुणीतरी घरातली चादर बाहेर पिंपं पुसायला घेतल्यासारखं तिला झालं होतं. हे तिनं पपांना सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "ते म्हणतात, देवानं केलं."

पपा भाताचा घास तसाच धरून बसले. "वीज त्याची, ते खरं," ते म्हणाले. "पण हेप्झी, नळजोडणी कुणाची? अर्थिंगच्या खड्ड्याशेजारी नळ द्यायला कुणी परवानगी दिली? आम्ही असते तर दिली नसती." आणि मग बराच वेळ ते देवाबद्दल नव्हे तर नळजोडणीच्या नियमांबद्दल बोलत राहिले, कोण कुठला ओव्हरसीअर कसा खाऊ होता, कुणाला कसं हटकलं. ती हसत होती. खूप दिवसांनी पोटभर जेवली होती.

आता ऊन डोक्यावर चढत होतं आणि खड्ड्यातून मिठाच्या ओलीचा, बंदरावर येतो तसा वास येत होता. तिनं मनातल्या मनात पुन्हा गणित मांडलं. मीठ झिरपलं असेल किती? हातभर. फार तर दोन हात. त्याच्या पलीकडे कातळ, आणि कातळाला बावीस वर्षांत कुणी मीठ चाखवू शकलं नव्हतं. म्हणजे आकडा खाली येईल, पण दहाच्या खाली? येऊ नये. 'येऊ नये' हा शास्त्राचा शब्द नाही, हे तिला माहीत होतं. कातळाला भेग असली तर? भेगेतून खारं पाणी कुठवर गेलं असेल, हे तिच्या नव्वद तुकड्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. नऊ ओहम आले तर ती सही करील. शब्द दिला होता. गुणाबाईचे पाय, वेणूचे पाय, सगळं त्या सहीखाली जाईल, आणि पुढल्या ऑक्टोबरात आभाळ पुन्हा एका बाजूनं भरून येईल. दोन गोणी मीठ. तेही प्रेमानं ओतलेलं. तिला वाटलं, लबाडीनं ओतलं असतं तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं. या देशात भांडण करावं तर समोर नेहमी कुणीतरी चहा घेऊन उभं.

"चहा घ्या ताई," काशिराम म्हणाला.

"काशिरामकाका, ते मीठ कुणासाठी घालता तुम्ही?"

"म्हणजे? मीटरसाठी."

"आणि विजेसाठी?"

तो कप हातात धरून उभा राहिला. "वीज काय, वर्षाकाठी एखादी. मीटरवाला दर सहा महिन्यांनी येतो." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचं हसू ओसरलं. "चुकलं का काही? काढायचं का परत उपसून?"

उपसून काय काढणार होता तो. तिनं मान हलवली आणि चहा घेतला. त्यालाही मिठाची चव लागली; ती तिच्याच जिभेची होती.

दहाला गाडी आली. सरांनी खड्ड्यात वाकून पाहिलं, ओल पाहिली, काशिरामकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात तिला म्हणाले, "हेप्झिबा, तू म्हणालीस तर मी आज रद्द करतो. मीच काहीतरी कारण सांगतो. पुढच्या वर्षी कोरड्यात घेऊ." इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच तिच्या बाजूनं काही बोलत होते, आणि बोलत होते ते पळून जाण्याबद्दल. पुढचं वर्ष. मध्ये एक अख्खा पावसाळा आणि त्याच्या शेपटीचा ऑक्टोबर. नळाशी वेणू पिंपाला टेकून उभी होती. मोजणीपुरतं बायकांना बाजूला व्हायला सांगितलं होतं, तरी ती तिथंच, अनवाणी, पदर दातांत धरून.

"नाही सर. आहे तसंच मोजायचं." आवाज तिला वाटला त्यापेक्षा चढा निघाला. "तपासणीच्या दिवशी खड्डा असाच असतो ना त्यांचा? मग असाच मोजू. वेणू, तुम्ही मागे व्हा. आणखी मागे. त्या भिंतीपाशी."

"पळाली असती आईबी, कुणी असा बोलला असता तर," वेणू म्हणाली आणि भिंतीकडे गेली. कुणाला उद्देशून नव्हे, चालता चालता. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

आधी चिटणिसांच्या आग्रहावरून काशिरामनं मेगर फिरवला. शून्य दशांश सात. "बघा!" चिटणीस रुमालासकट हात उंचावून म्हणाले. "आठचं सात झालं! अहो, कशाला उन्हात उभं करता सगळ्यांना? याहून चांगली अर्थिंग अख्ख्या तळोज्यात दाखवा मला." काशिरामनं तिच्याकडे पाहिलं, शाबासकीसाठी की माफीसाठी ते तिला कळलं नाही. तिनं कॉलेजातून मागून आणलेली लाकडी पेटी पुढे ओढली. आत तिनं आणि लॅबमधल्या मास्तरांनी मिळून बांधलेला विजेचा सूक्ष्म अवतार होता: वीज साठवणारा एक कपॅसिटर आणि दोन पितळी गोळ्यांमधली फट. एक तार खड्ड्यातल्या पट्टीला. दुसरी लांब, फाटकापलीकडे माळावर ठोकलेल्या खुंट्यांना. मोजणीची तिसरी, त्यांना काटकोनात, दूर. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर तिनं काळं कापड टाकलं, उन्हात रेषा दिसत नाही म्हणून. 

"तुम्ही वाचा," ती चिटणिसांना म्हणाली.

"मी? मला काय समजतंय त्यातलं?"

"चौकटी मोजता येतात ना? तेवढंच आहे. मी मोजलं तर तुम्ही म्हणाल, मुलगी गंभीर आहे."

 टकलावर रुमाल ठेवून चिटणिसांनी काळ्या कापडात डोकं घातलं, जुन्या फोटोग्राफरसारखं. दुसऱ्या बाजूनं सरांनी घातलं. तिनं बटण दाबलं. गोळ्यांमध्ये ठिणगी उडाली, एवढीशी, चिमटीत मावेल अशी, आणि टाळी वाजावी तसा आवाज झाला. भिंतीपाशी वेणू दचकली. घरी पपा असते तर त्यांनी आशीर्वाद म्हटला असता का, असा एक विचार हेप्झिबाच्या मनात येऊन गेला. कापडाखालून कुणीच बाहेर येईना. बोट काचेवर टेकवून मोजल्याचा पुटपुटता आवाज तेवढा येत होता. एकदा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

"प्रवाह दहा अँपिअर," सरांचा आवाज आला. "व्होल्टेज?"

"साडेपाच चौकटी," चिटणीस म्हणाले. "एक चौकट कितीची?"

"पन्नास व्होल्टची."

दोनशे पंचाहत्तर भागिले दहा: साडेसत्तावीस ओहम. नळ हलणार होता.